पाठीवरची धरायची नाहीत

अक्काच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून गेलेलं. नव्या माणसानं विचारलं की ती सांगायची, "साखळीत गेली. साखळी सटकली आणि बोटं गेली." मग त्याच हातात चहाचा कप अशा काही थाटात धरायची, की विचारणाऱ्याला पुढचं विचारायची लाज वाटावी. प्राणिबागेत तिला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि अठ्ठावीस वर्षं ती साखळी सटकत होती. ही हकीकत खोटी होती. खरी काय ते पुढे येईलच, कारण तिच्यापायी एक माणूस गेला.

अक्काकडे माकडांचं घर होतं. शेपटीनं लोंबकळून मुलांना हसवणारी माकडं ही नव्हेत. यांचं तोंड कुत्र्यासारखं लांब, नरांच्या मानेवर आयाळ आणि सुळे माणसाच्या बोटाएवढे. अशी एकतीस. आत त्यांची झोपायची खोली, एका बाजूला गज, बाकीच्या भिंतींना उंच लाकडी फळ्या ठोकलेल्या. बाहेर मोठं आवार, त्यात दगड, एक वठलेलं झाड, पाण्याची टाकी, आणि सभोवार खंदक आणि उंच भिंत. खोली आणि आवार यांच्यामध्ये दहा पावलांचा जाळीचा बोळ. बोळाच्या तोंडाशी वर सरकणारं लोखंडी दार, आणि ते ओढायची साखळी बाहेरच्या अरुंद गॅलरीत, अक्काच्या हाताशी. दुसऱ्या टोकाला आवाराकडचं फाटक, कळप बोळात शिरला की उघडायचं ते. सकाळी माकडं आवारात सोडायची, संध्याकाळी खोलीत घ्यायची. "दार उघडायला अशी काय अक्कल लागते?" असं साहेब एकदा म्हणाले होते. अक्का म्हणाली, "उघडायला नाही लागत, साहेब. न उघडायला लागते."

साहेबांना ते कळलं नाही, पण साहेबांना न कळलेल्या गोष्टी मोजायला बसलं तर दिवस पुरायचा नाही.

कळपातला सगळ्यांत दांडगा नर म्हणजे पैलवान. तिकीट काढून आलेले बाप आपल्या पोरांना सांगत, तो बघ राजा, तो उठला की सगळे उठतात. अक्का त्यांना सांगू देई. खरं तर पैलवान उठला की फार तर त्याच्या अंगावरच्या माशा उठत. कळप हलायचा तो म्हातारीमुळे. एक कान फाटलेली, दात झिजलेली मादी ती. सकाळी फळीवरून उतरायची, दाराकडे आठ पावलं चालायची, बसायची आणि मागे वळून बघायची. एवढंच. ओरडणं नाही की कुणाला ओढणं नाही. मग एखादं उतरून तिच्या शेजारी दाराकडे तोंड करून बसायचं. मग दुसरं. कधी तीन जमायची, मागून कुणी येत नाही असं दिसलं की निमूट परत फळीवर जायची, आणि म्हातारीही परतायची, कसलाही अपमान न मानता. चार झाली तरी बेत मोडायचा, पाच झाली तरी मोडायचा. सहावं येऊन बसलं की मात्र मोडायचा नाही. मग फळ्यांवरची सगळी, पैलवानासकट, धपाधप खाली उतरायची, आणि अक्का साखळी ओढायची. एकतीसच्या एकतीस एका दमात बाहेर.

"लोकशाही आहे ही," अक्का म्हणायची. "भाषणं नाहीत, म्हणून टिकली."

सहाच्या आत दार उघडलं तर काय होतं, ते ती फारसं सांगत नसे. ज्यांचं ठरलंय ती बोळात शिरतात. ज्यांचं ठरलेलं नाही त्यांना वाटतं, ही आपल्याला टाकून चालली. मग नर त्यांना परत आणायला धावतात, आणि नरांची परत आणायची रीत म्हणजे मानेत सुळे. बोळात दोघांना शेजारी उभं राहता येत नाही. पुढची वळू शकत नाहीत, मागची थांबत नाहीत.

अक्काचं लग्न झालं नव्हतं. ती बावीस वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली, बाप त्याआधीच कुठेतरी निघून गेला होता, आणि मागे उरलं ते एक तांबडंलाल पोर. हा तिचा धाकटा भाऊ. "माझं लग्नाचं वय याचं नाक पुसण्यात गेलं," ती त्याच्या तोंडावर सांगायची, आणि तो खुशाल तिच्याच पदराला नाक पुसल्याचं सोंग करायचा. मोठा झाल्यावर त्यानं गाडी चालवली, पार्सलं वाटली, एका दुकानात वजनं उचलली. कुठे टिकला नाही. शेवटी अक्कानं साहेबांच्या मागे लागून त्याला आपल्या हाताखाली घेतलं. त्याची बायको आधीपासूनच बागेच्या मुदपाकखान्यात होती. जनावरांसाठी गाजरं, भोपळे चिरणं, अंडी उकडणं हे तिचं काम. बाई अबोल. सगळी बाग अक्काला अक्का म्हणायची, ही एकटी वन्सं म्हणायची, आणि दिवसभरात तिच्या तोंडून जे वीस शब्द निघत त्यातले निम्मे "वन्सं, चहा घ्या" यातच खर्च होत. पण कामगारांत काही तंटा निघाला, की बोलणारे बोलून झाल्यावर एकदा तिच्याकडे बघत. ती गाजर चिरत राहिली तर तंटा मिटला. सुरी खाली ठेवली तर साहेबांना निरोप जायचा.

दीड वर्ष धाकटा अक्काच्या शेजारी उभा राहिला. ती साखळी धरायची आणि विचारायची, "किती?"

"तीन."

"आता?"

"पाच. अक्का, ओढ की. सहावं उतरतंय."

"उतरतंय आणि बसलंय यात फरक असतो. उतावळा नवरा कुठला."

त्याचं मोजणं चोख होतं. त्या दीड वर्षात कळपात लहान पिल्लू मात्र एकही नव्हतं. नंतर दोन झाली. आधी दोन्ही आईच्या पोटाला बिलगून असायची, दिसायचीसुद्धा नाहीत. ज्या आठवड्यात ती पोटावरून पाठीवर चढली, त्याच आठवड्यात अक्कानं ठरवलं, की आता साखळी याच्या हातात द्यायची.

"आज तू," ती म्हणाली. "मी इथे उभी राहिले तर तू माकडांकडे नाही, माझ्याकडे बघशील. मी चहाला जाते."

तो हसला. "नापास केलंस तर?"

"तर भोपळे चिरायला बस बायकोशेजारी."

ती मुदपाकखान्यात गेली. भावजयीनं कप पुढे केला, गाजराचा ढीग बाजूला सारून तिला बसायला जागा केली. अक्कानं एक घोट घेतला असेल-नसेल, तोच दार वर गेल्याचा आवाज आला. लवकर उघडलं, असं तिच्या मनात आलं. मग तिनं स्वतःलाच दटावलं, की पोराला करू दे, सारखा मेला संशय. दुसरा घोट घ्यायच्या आत बोळातून किंकाळी आली, आणि ती किंकाळी अक्कानं आयुष्यात एकदा आधी ऐकली होती.

झालं ते असं. चार माद्या दारात होत्या, म्हातारी त्यात पहिली. दार उघडताच त्या बोळात शिरल्या. मागे फळ्यांवर पंचवीस जणांचं काहीच ठरलेलं नव्हतं. पैलवानानं वरून झेप टाकली ती थेट शेवटच्या मादीच्या पाठीवर, आणि पाठीवर पिल्लू होतं. ते त्याच्या वजनाखाली तिथेच चेचलं गेलं. मादी उलटी फिरली आणि तिनं त्याच्या तोंडावर पंजा मारला. त्यानं तिचा खांदा धरून असा हिसका दिला, की खांद्याची वाटी निखळलेली धाकट्याला जाळीतून दिसली. तेवढ्यात चार तरुण नर आत घुसले. ते कुणाच्या बाजूनं होते हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. जे समोर येईल ते चावायचं एवढंच. जाळीवर केस, रक्त, घाण उडत होती. एका नराचा ओठ लोंबत होता आणि तो त्याच तोंडानं चावत होता. बोळाच्या टोकाला म्हातारी आणि दुसरी पिल्लूवाली एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, आणि पुढचं, आवाराकडचं फाटक अजून बंद होतं. ते धाकट्यानं धावत जाऊन उघडलं असतं तर निभावलं असतं. पण हातात पहिल्याच दिवशी साखळी मिळालेला माणूस चूक दिसली की ती अक्का यायच्या आत पुसायला बघतो. त्यानं पाण्याचा पाइप उचलला, बोळाची बाजूची खिडकी उघडली आणि तो आत शिरला.

माकडांच्या घरात एकच नियम भिंतीवर रंगवलेला होता: आत जायचं नाही.

पाणी सुरू झालं, फरशी ओली झाली, आणि ओल्या फरशीवर रक्त होतं. त्याचा पाय सरकला. तो आडवा झाला तेव्हा तिथे माणूस पडलाय की माकड, हे बघायला कुणाला सवड नव्हती. अक्का पोचली तेव्हा दोन नर त्याच्या मांडीवर होते. तिनं पाइप त्याच्या हातातून ओढून घेतला आणि पाण्याचा मारा त्यांच्या डोळ्यांवर धरला. धरून ठेवला. एकेक करत सगळी खोलीत परत ढकलली आणि साखळी सोडून दार पाडलं. मग तिनं त्याला खिडकीतून काखेत हात घालून ओढून काढलं. मांडीच्या आतल्या बाजूचं मांस उघडं पडलं होतं आणि रक्त ठोक्या-ठोक्याला उडत होतं. तिनं पदर बांधला, पदरावर दोन्ही हात दाबले, सगळं वजन टाकलं. बोटांतून गरम गरम वाहतच राहिलं.

"अक्का," तो म्हणाला, "सहा होती गं."

"बोलू नकोस."

"नीट मोजली मी. चार मोठी. दोन लहान, पाठीवर. सहा."

गाडी आली, त्याला घेऊन गेली, भावजय त्याच्याबरोबर गेली. अक्काला मागेच ठेवलं, कारण तीस जनावरं उरली होती आणि त्या घराच्या किल्ल्या तिच्याकडे. ती बोळाबाहेर बसली आणि तिला आपल्या तीन बोटांच्या हाताची शिसारी आली.

पाठीवरची धरायची नाहीत. ज्याचे पाय जमिनीवर तेच मोजायचं. पाठीवरचं पिल्लू काही ठरवत नाही, त्याला फक्त नेलं जातं. हे अक्काला अठ्ठावीस वर्षं ठाऊक होतं, कारण नोकरीला लागली त्या वर्षी तिनं स्वतः पाठीवरची दोन धरून चारांवर दार उघडलं होतं. अगदी हाच बोळ, हीच किंकाळी. खाली पडणाऱ्या दारात एक पिल्लू अडकलं, ते सोडवायला तिनं हात घातला, आणि त्याच्या आईनं दोन बोटं कडकडा तोडून नेली. तेव्हाच्या साहेबांनी विचारलं. खरं सांगितलं असतं तर नोकरी जाणार होती, आणि घरी दोन वर्षांचा भाऊ होता. म्हणून ती म्हणाली, साखळी सटकली. पुढे म्हणत राहिली. आपलं ठेवावं झाकून, ही रीत तिनं इतकी वर्षं पाळली, की आत काय झाकलंय हेच विसरली. पुढच्याला ठेच, मागचा शहाणा, असं लोक म्हणतात. पण पुढच्यानं ठेच लपवली तर मागच्यानं शहाणं कसं व्हायचं? ज्याला जगवायला ती खोटं बोलली, तो त्याच खोट्यानं रक्तात पडला होता. भाऊ वाचला तर त्याला सांगायचं, असं तिनं ठरवलं.

दुपारी ऑफिसात फोन आला. वाटेतच गेला होता.

बातमी कुणी आणली आणि माणसं कुणी बोलावली, हे नंतर कुणालाच नीट सांगता आलं नाही. माकडांच्या घरासमोर आधी बागेतले तिघे कामगार होते, मग दहा, मग चाळीसेक. माळ्याच्या हातात फावडं होतं. कुणाकडे पहारी, कुणाकडे गजाचे तुकडे. वेल्डर सगळ्यांत मोठ्यानं बोलत होता. "एकूण एक मारायची," तो म्हणाला. "माणूस खाल्लाय त्यांनी. गजाआडून भोसकायची, काय होतंय ते होऊ दे." आणि तो दाराच्या दिशेनं चार पावलं तरातरा आलादेखील. मग त्यानं मागे बघितलं. मागून कुणी आलं नव्हतं. तो परत गेला, आणि परत जाताना तो गज उगाच जमिनीवर आपटत गेला.

दारात उभ्या असलेल्या अक्कानं ते ओळखलं. हे ती रोज सकाळी बघत होती. वेल्डर म्हणजे पैलवान. त्याच्या बोंबलण्यानं काही होणार नव्हतं. तिनं बघितलं ते बाकीचे कुणाकडे बघतायत ते. सगळे, बोलता बोलता, मान तशी फारशी न वळवता, एकाच ठिकाणी बघत होते. मुदपाकखान्याच्या पायरीवर भावजय बसली होती. ती गाडीतून नुकतीच परतली होती. मांडीवर नवऱ्याचे बूट होते, आत पाय असल्यासारखे शेजारी शेजारी नीट लावलेले. ती रडत नव्हती.

ती बसून राहिली तर हे लोक संध्याकाळपर्यंत बोंबलतील आणि घरी जातील. ती उठली तर संपलं. अक्काला एवढं स्वच्छ कधीच काही कळलं नव्हतं. तिनं तिथेच ओरडून सांगायला हवं होतं, की चूक माझी आहे, माकडांची नाही. तोंड उघडलंही. पण चाळीस माणसं, त्यांच्या हातातली लोखंडं, आणि ती बूट घेतलेली बाई. अक्का भ्याली. जन्मभर सुळ्यांशेजारी वावरलेली बाई माणसांना भ्याली, आणि तिनं तोंड मिटलं.

भावजयीनं बूट पायरीवर ठेवले आणि ती उठली.

आठ-दहा पावलं चालून ती गर्दीच्या पुढे येऊन थांबली. तिनं हात पुढे केला. माळ्यानं त्या हातात एक पहार दिली. मग फावडं घेऊन माळी तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. मग तिकीटवाला. अक्का पुढचं मोजायला थांबली नाही. ती आत गेली आणि तिनं आतून कडी घातली.

ती कडी वेल्डरनं मागच्याच वर्षी डकवली होती, आणि त्याचं काम कधी टिकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. फार वेळ नाही, हे अक्काला ठाऊक होतं. खोलीत माकडं गजांच्या इतकी जवळ होती, की गॅलरीतून पहार घातली तर कोपऱ्यातल्यालाही लागली असती. आवारात मात्र कुणी पोचू शकत नव्हतं. तिनं धावत जाऊन आवाराकडचं फाटक सताड उघडलं, परत आली, साखळी ओढली आणि आकड्याला अडकवली. बोळ मोकळा झाला. बाहेर उजेड दिसत होता.

एकही हललं नाही.

फळ्यांवर सगळी एकमेकांत डोकी खुपसून बसली होती. पैलवानाचा एक डोळा मिटलेला, आयाळ रक्तानं चिकटलेली. बाहेरून दारावर पहिला घाव बसला तशी सगळी एकदम किंचाळली आणि अजूनच आत सरकली. मग म्हातारी उतरली. एक पाय ओढत आठ पावलं चालली, दारात बसली आणि तिनं मागे बघितलं. जीव जायची वेळ आली तरी तिनं रीत सोडली नाही. एक मादी उतरली. दुसरा घाव. एक तरुण नर, लोंबत्या ओठाचा. तिसरा घाव, आणि कडीचा एक टाका निघाल्याचा आवाज. आणखी दोन माद्या आल्या. पाच.

पाच, आणि पुढे कुणी उतरेना. पाचांतली एक मान वळवून फळीकडे बघू लागली. ती आता परतणार होती, आणि ती परतली की सगळीच परतणार होती, आणि मग माणसं आत येऊन एकेकाला कोपऱ्यात गाठून मारणार होती.

अक्कानं खोलीचं बाजूचं दार उघडलं आणि ती आत गेली. माकडं माणूस मोजतात की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. ती त्यांच्या डोळ्यांना डोळा न देता चालत गेली, म्हातारीच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिनं तोंड दाराकडे केलं. पैलवानाकडे पाठ. पाठीची कातडी आक्रसून येत होती. म्हातारीच्या अंगाला रक्ताचा आणि ओल्या गवताचा वास येत होता. ती अक्काकडे बघत नव्हती. दोघी बाहेरच्या उजेडाकडे बघत बसल्या.

मागे फळी करकरली. मग दुसरी. मग सगळीकडून धपाधप उड्या पडल्या आणि म्हातारी उठली. कळप अक्काच्या दोन्ही बाजूंनी, अंगावरून, डोक्यावरून बोळात घुसला. पैलवान शेवटी आला. जाता जाता त्यानं तिच्या खांद्यात सुळे रुतवले, एकदा, हाडापर्यंत, आणि सोडून तो बाकीच्यांमागे पळाला. बाहेरची कडी तुटली ती त्याच क्षणाला.

माणसं आत आली तेव्हा खोलीत एकच प्राणी होता. ज्याला मारायला आलो ते हातातून गेलं, की हात मोकळा राहत नाही.

"हिनं सोडली," कुणीतरी म्हणालं. "सख्ख्या भावाला खाल्लं आणि हिनं सोडली."

"माझी चूक आहे," अक्का म्हणाली. आता तिला भीती वाटत नव्हती. "पाठीवरची पिल्लं मोजायची नाहीत, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. माझी बोटंही तशीच गेली. साखळीची गोष्ट खोटी आहे. त्यानं चार मोठी आणि दोन..."

पहिला फटका तिच्या जखमी खांद्यावरच बसला. दुसरा बरगड्यांवर, आणि आत काहीतरी काटकीसारखं मोडलं. वेल्डर होता, माळी होता, तिकीटवाला होता. तिनं डोकं हातांत घेतलं तर हातावर मारलं. कुणीतरी लाथ घातली. वर्षानुवर्षं तिच्याबरोबर चहा प्यायलेली माणसं होती ती. तिच्या तोंडात रक्त आलं आणि एक दात जिभेवर आला. आणि इतकं होऊनही, सवयच मेली तशी, ती मोजत होती. एक, दोन, तीन जण मारतायत. चार. पाच. बाकीचे दारात दाटीनं उभे होते, हत्यारं घेऊन, आणि प्रत्येक फटक्यानंतर भावजयीकडे बघत होते.

भावजय पुढे आली. तिनं पहार दोन्ही हातांनी उचललेली होती. मारणारे तिला वाट देऊन बाजूला झाले. अक्कानं डोळे मिटले नाहीत.

"वन्सं," ती म्हणाली, "तो काय म्हणाला?"

"सहा होती म्हणाला. नीट मोजली म्हणाला."

भावजयीनं बोळाकडे बघितलं. मग तिनं पहार खाली ठेवली, टाकली नाही, ठेवली, आणि ती त्या ओल्या, रक्तानं बरबटलेल्या फरशीवर अक्काच्या शेजारी बसली. लोकांकडे पाठ, तोंड बोळाकडे. ती हमसून हमसून रडायला लागली. वेल्डरनं आणखी एकदा गज उगारला, मागे बघितलं, आणि त्याला आपला वर गेलेला हात खाली कसा आणावा ते कळेना. थोड्या वेळानं माळी बाहेर गेला. मग दुसरा. मग सगळेच गेले.

पैलवानाला दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या हुकमानं गोळी घातली. अक्काच्या तीन बरगड्या आणि मनगट मोडलं होतं. खांदा पुन्हा वर झाला नाही. चौकशीत तिनं सगळं खरं सांगितलं, बोटांपासून. तिला काढून टाकायचं ठरलं होतं, पण दुसरं कुणी त्या घराच्या दाराशी उभं राहायला तयार होईना, म्हणून ठेवली. मारणाऱ्यांपैकी कुणाचंही नाव तिनं घेतलं नाही. वेल्डर तिला दिसला की अजून वाट बदलतो.

नवऱ्याच्या जागेवर भावजयीला घेतलं. बागेत कुजबुज झाली, की या दोघी एका घरात आणि वर एका कामावर, टिकायच्या नाहीत. पहिले काही महिने त्या एकमेकींशी कामापुरतंही बोलत नसत. भावजयीनं तिला वन्सं म्हणणं सोडून दिलं होतं, आणि अक्कानं ते मागितलं नाही.

पुढच्या वर्षी कळपात नवी पिल्लं झाली. ती पोटावरून पाठीवर चढली त्या सकाळी अक्का साखळी धरून उभी होती, खांदा एका बाजूला पडलेला. भावजय गजांपाशी होती. म्हातारी आता फारच हळू चालते. तिची आठ पावलं होईपर्यंत दोघींनाही श्वास धरावा लागतो. ती बसली. एकेक करून बाकीच्या येऊ लागल्या.

"किती?" अक्कानं विचारलं.

भावजयीनं बोटानं पुन्हा एकदा मोजलं.

"चार, वन्सं," ती म्हणाली. "आणि पाठीवर दोन."

अक्का साखळी तशीच धरून थांबून राहिली.